मातीचा गंध आणि मातीवरचा हक्क

'कूळ' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. सोयरीक जुळविताना वडीलधारी मंडळी ज्याची चौकशी करतात ते कूळ म्हणजे घराणे. आणि तलाठ्याच्या दप्तरात ज्याची नोंद होते ते कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा शेतकरी. पहिल्या अर्थाने माणूस ताठ मानेने आपले कूळ सांगतो. दुसऱ्या अर्थाने तो कूळ असतो, आणि ते सांगताना त्याचा आवाज खाली येतो. 'वतन' हा शब्दही असाच दुहेरी आहे. वतन म्हणजे पिढीजात चालत आलेली जमीन वा उत्पन्न, आणि वतन म्हणजे जन्मभूमीही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग आढळतात. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरागत हक्क असे. उपरी हा जमीन कसण्यापुरता आलेला असे. 'काळी' म्हणजे शेतजमीन व 'पांढरी' म्हणजे गाववस्ती. काळीत ज्याची मिरास, त्याला पांढरीत मान. काळीत जो उपरी, तो पांढरीतही परकाच. या 'उपरी'च्या शेजारीच आजचा 'उपरा' हा शब्द उभा आहे, हे विसरता येत नाही.

भाषेने जे इतक्या स्वच्छपणे नोंदवून ठेवले आहे, ते साहित्यचर्चेत मात्र अनेकदा निसटते. ग्रामीण जीवनावरील एखादी कादंबरी प्रसिद्ध झाली, की तिला 'मातीचा गंध' आहे, लेखकाची 'मातीशी नाळ' तुटलेली नाही, पात्रे 'मातीतून उगवलेली' आहेत, असे अभिप्राय ठरल्याप्रमाणे येतात. हे शब्दप्रयोग खोटे आहेत असे नाही. परंतु ते अपुरे आहेत. माती ही साऱ्यांसाठी एकच वस्तू आहे आणि तिच्यावर प्रेम करणे एवढाच माणसाचा तिच्याशी संबंध आहे, असे ते गृहीत धरतात. वस्तुतः एकाच बांधावर उभा असलेला मालक, त्याचे कूळ, त्याचा सालगडी, गावाबाहेरचा वतनदार महार आणि त्या घरात सून म्हणून आलेली स्त्री यांना ती माती पाच निरनिराळ्या रूपांत दिसत असते. मराठीतील उत्तम कादंबऱ्यांनी माणसे उभी केली ती या फरकांतून. म्हणून एखाद्या पात्राचे मातीवर प्रेम किती, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या मातीवर त्याचा हक्क कोणता, हा पहिला प्रश्न आहे.

भारतीय कादंबरीला हे भान आरंभापासून होते. फकीरमोहन सेनापती यांची १८९७ ते १८९९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेली ओडिया कादंबरी 'छ माण आठ गुंठ' हिचे नावच मुळी जमिनीचे मोजमाप आहे. एका विणकर जोडप्याचा तो तुकडा जमीनदार कसा गिळंकृत करतो, यावर ती उभी आहे. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधील (१९३६) होरी हा दारात एक गाय असावी एवढीच इच्छा बाळगतो. परंतु ती इच्छा आणि हातची शेती टिकविण्याची धडपड यांतच तो कर्जात बुडतो, शेतकऱ्याचा मजूर होतो. होरीचे भोळेपण, त्याची भीती, भाऊबंदांची लाज राखण्याचा त्याचा अट्टाहास, हे सारे गुणदोष त्याच्या शेतीपासून सुटे करून दाखविता येणार नाहीत.

खोतांचे कूळ आणि खोतांची कुळे

मराठीत जमीन, घराणे आणि स्वभाव यांचा हा गुंता सर्वांत विस्ताराने मांडला तो श्री. ना. पेंडसे यांनी. कोकणातील खोत हा मूळचा सरकारसाठी सारा वसूल करणारा. परंतु ते काम वंशपरंपरेने चालू लागले आणि खोत हाच गावाचा धनी होऊन बसला. कुळांकडून धान्याचा वाटा घ्यावा, वेठ घ्यावी, गावातील भांडणांचा निवाडाही आपणच करावा, हा त्याचा रिवाज. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबरीत गावावर अण्णा खोताचा वचक आहे, आणि त्या वचकाला न जुमानणारा बापू आहे. गावाने ओवाळून टाकलेला हा तरुण चहाचे दुकान चालविणाऱ्या राधेशी उघडपणे संसार मांडतो आणि गावाला त्याचा स्वीकार करावयास लावतो. बापूच्या या बेडरपणाचे कौतुक वाचकांच्या पिढ्यांनी केले. तो त्याच्या स्वभावाचा भाग आहेच. परंतु खोताची जमीन कसून ज्याला पोट भरावयाचे आहे, त्याला हा बेडरपणा परवडला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. बापू उभा राहतो तो स्वतःच्या उद्योगावर. त्याची मान ताठ राहू शकते याचे एक कारण असे, की ती खोताच्या खंडाखाली वाकलेली नाही.

पस्तीस वर्षांनी, १९८७ साली, पेंडसे यांनी 'तुंबाडचे खोत' या दोन खंडांच्या कादंबरीत जगबुडी नदीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या अनेक पिढ्या रंगविल्या. येथे घराणे हेच मुख्य पात्र आहे. क्रौर्य, औदार्य, विषयलोलुपता, व्रतस्थ साधेपणा ही सारी एकाच रक्ताची रूपे असल्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या प्रकट होत राहतात. परंतु वाचक ज्याला 'खोती रक्त' म्हणून ओळखतो, त्यात रक्ताचा भाग किती आणि खोतीचा किती? आज्ञा केली की ती पाळली जाणारच, ही खात्री पाळण्यापासून मिळालेल्या मुलाचा स्वभाव जसा घडतो, तसाच तो घडलेला आहे. मुंबई सरकारने १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा केला. पुढे कूळकायद्यातील दुरुस्तीनुसार जुन्या मुंबई इलाख्यात १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्या कुळाला जमिनीचा खरेदीदार मानण्याचा दिवस ठरला. म्हणजे 'तुंबाडचे खोत' ही जग मावळून गेल्यानंतर काही दशकांनी लिहिली गेलेली त्या जगाची कथा आहे. तिच्यातील हुरहूर खरी आहे आणि तिचे वाङ्मयीन मोलही मोठे आहे.

तथापि याच खोतीविरुद्ध कुलाबा जिल्ह्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते ओसाड ठेवून संप केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. खोतांच्या कुळाची महाकादंबरी मराठीला लाभली. खोतांच्या कुळांची, तितक्याच तोलाची, शोधूनच काढावी लागते. कोणाच्या घराण्याला इतिहास आहे असे साहित्य मानते आणि कोणाच्या नाही, याचा हा बोलका पुरावा आहे.

गोत आहे, हक्क नाही

हक्क नसताना जिव्हाळा कसा असतो आणि त्याचे काय होते, याचे चित्र आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत आहे. नारबा हा मालकाच्या मळ्यावर राबणारा गडी. बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या, मळ्यातील झाडे हेच त्याचे गणगोत. मळ्याशी त्याच्याइतका एकरूप झालेला माणूस मालकाच्या घरातही नाही. परंतु मळ्यावर यंत्र आणावयाचे की नाही, हे ठरविताना त्याला कोणी विचारीत नाही, कारण विचारण्याचे कारणच नाही. यंत्र येते, जनावरे जातात, आणि मळा तेथेच राहूनही नारबाचा मळा नाहीसा होतो. 'मातीशी नाळ' या शब्दांचा पोकळपणा येथे उघडा पडतो. नारबाची नाळ मातीशी होती. मातीचा उतारा दुसऱ्याच्या नावे होता.

त्याच लेखकाच्या 'झोंबी'त (१९८७) ही बाजू आणखी कठोर होते. दुसऱ्याची जमीन कसणारा बाप मुलाला शाळेतून काढून मोटेमागे उभा करतो. मुलाला शिकावयाचे असते. या बापाला क्रूर ठरविणे सोपे आहे. परंतु राबणारे हात कमी पडले तर कसण्याची जमीनही हातून जाईल, ही धास्ती ज्याला रात्रंदिवस छळते, त्याला मुलगा हा प्रथम दोन हात म्हणून दिसतो आणि मग मुलगा म्हणून. मालकी असलेल्या घरात बाप मुलाला वारसा देतो. येथे बापाजवळ देण्याजोगे कष्टच आहेत. बापलेकांच्या या झगड्याचे मूळ दोघांच्या स्वभावापेक्षा जमिनीच्या त्या अस्थिर कराराकडे अधिक जाते.

ज्यांना गाव होते, पण जागा नव्हती

दलित आत्मकथनांनी या चर्चेला आणखी वेगळे वळण दिले. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाचे शीर्षकच गावगाड्याच्या हिशेबातून आलेले आहे. महारकीच्या कामाबद्दल मिळणारा धान्याचा वाटा, त्याबरोबरची इनामी जमीन, हे सारे 'वतन' म्हणून ओळखले जाई, आणि त्या वतनाचा अभिमान बाळगणारेही समाजात होते. परंतु जमिनीचा एखादा तुकडा हातात देऊन संपूर्ण जातीला पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेण्याची ती व्यवस्था होती. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ही वतने प्रत्यक्षात नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ज्या साहित्यात जमिनीपासून तुटणे ही शोकांतिका मानली जाते, त्याच्या शेजारी 'बलुतं' ठेवून वाचले, म्हणजे जमिनीशी जखडलेले असणे हीही शोकांतिका असू शकते, हे कळते. मुंबईची कोंदट चाळ काही माणसांना परक्या मुलखासारखी वाटली. काहींना तीच पहिली मोकळी जागा वाटली.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनात तर जमिनीचा तुकडाही नाही. गाढवांच्या पाठीवर संसार लादून गावोगाव टोपल्या विणीत फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाला गावाच्या कडेला चार दिवस मुक्काम, एवढाच भूमीशी संबंध. जेथे जमीन माणसाला बांधून ठेवीत नाही, तेथे जात आणि जातपंचायत अधिक घट्ट बांधते. आधार तिचा आणि धाकही तिचाच. शाळेच्या दाखल्यावर गावाचे नाव लिहावयाचे, तर कोणते लिहावे असा प्रश्न ज्यांच्यापुढे पडतो, त्यांच्या कथेला मुळांची आणि नाळेची उपमा लावणे ही त्यांची थट्टाच होय.

घरातली परकी

या साऱ्या हिशेबात आणखी एक पात्र आहे, आणि ते प्रत्येक घरात आहे. माहेरी मुलगी 'परक्याचे धन' आणि सासरी ती 'परक्या घरची'. जमिनीवर ती राबते, परंतु जमिनीच्या कागदावर तिचे नाव बहुधा वैधव्यानंतरच येते, आणि तेही मुलांच्या नावांच्या सोबतीने. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधील (१९६०) कौतिक ही विदर्भातील एका शिंप्याच्या घरातली स्त्री. नवऱ्याच्या कर्तेपणाचा आधार नसताना संसार ओढून नेण्याची तिची जिद्द मराठी वाचक विसरलेला नाही. परंतु ती जे उभे करते त्यातले काहीही तिचे म्हणून तिच्या हाती राहत नाही, आणि तिच्या झुंजीतले कारुण्य यातच आहे.

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी'त हीच गोष्ट सुस्थितीतून उतरणीला लागलेल्या घराच्या अंगाने येते. १९८५ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा खचत चालला आहे, दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, आणि वडिलांच्या मृत्यूनंतर जमलेले भाऊ खर्चाचा आणि वाटणीचा हिशेब करीत आहेत. त्या घरातली प्रभा शिकू इच्छीत होती. घराण्याच्या इभ्रतीसाठी तिला शिकू दिले गेले नाही. इभ्रत जमिनीवर उभी होती. जमीन गेली, इभ्रतही गेली, आणि प्रभाचे शिक्षण मात्र परत आले नाही. वाडा कोसळत असताना प्रत्येक पुरुषाला काही ना काही वाटा मिळण्याची आशा तरी आहे. तिच्या वाट्याला नुसता वाडा आला, त्याच्या भिंतींसह.

महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. त्याही आधी, १९९० च्या सुमारास, शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमातून घरधनिणीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले होते. तरीही भावाच्या मायेखातर वा माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करणारी बहीण आजही घरोघर आढळते. त्या एका सहीत प्रेम किती, भीती किती आणि हिशेब किती, हे सांगण्याचे काम कादंबरीचे आहे. एवढा मोठा विषय मराठी लेखकांच्या दाराशी येऊन उभा आहे. तो आत घेणारे थोडे आहेत.

उतारा संपतो तेथे

येथे एक आक्षेप संभवतो. साहित्याचे वाचन सात-बाराच्या उताऱ्यावरून करावयाचे, तर माणूस हा महसुली नोंदीपुरताच उरतो. मग कलेचे काम काय? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तील (१९५५) धनगरांचे जगणे जमिनीपेक्षा मेंढरांवर आणि पावसावर अवलंबून आहे. औंध संस्थानातील त्या वाडीवर आलेला तरुण मास्तर सर्वस्वी परका आहे. त्याचे तेथे काहीही नाही. परंतु मुलांना शिकविताना, लोकांची कामे करताना, सर्वांच्या श्रमांतून तालीम बांधताना तो वाडीचा होतो. पुढे दुष्काळ पडतो आणि माणसे मेंढरे घेऊन पांगतात. ज्यांची वाडी होती त्यांनाही ती धरून ठेवता येत नाही. आपलेपणा हा कागदावरच्या हक्काखेरीज सहश्रमांतूनही निर्माण होतो, याचा हा सुंदर दाखला आहे. पण याच दाखल्याने मूळ मुद्दाही पक्का होतो. तो आपलेपणा किती टिकणार, हे ठरविण्याची शक्ती मास्तराच्या वा धनगरांच्या हाती नव्हती. बापू असो, नारबा असो वा कौतिक असो, त्यांचे माणूसपण नोंदवहीच्या पलीकडे जाते हे खरेच. परंतु ते कशाच्या पलीकडे गेले हे कळण्यासाठी नोंदवही आधी वाचावी लागते.

हा प्रश्न आज केवळ समीक्षेच्या परिभाषेचा राहिलेला नाही. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील वहितीखालील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. वाटण्या होत गेल्या, बांध वाढत गेले आणि भावकीची भांडणे वितीवर आली. धरणांखाली गेलेल्या गावांची परवड विश्वास पाटील यांनी 'झाडाझडती'त (१९९१) मांडली. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'मधील (२००२) एकनाथ हा शिकलेला असूनही नोकरी न मिळाल्यामुळे शेतीत अडकलेला तरुण आहे. त्याला मातीचे प्रेम आहे असे म्हणावे, तर ती त्याला जगू देत नाही. नाही म्हणावे, तर ती त्याला सुटू देत नाही. त्याची चिडचीड, घरातली धुसफूस, कोमेजत चाललेला संसार यांचा उगम त्या न सोडविता येणाऱ्या कोड्यात आहे.

दुसरीकडे शहरांच्या भोवतीच्या गावांत जमीन ही पिकाची वस्तू न राहता गुंठ्याच्या भावाची वस्तू झाली आहे. बापाने बैलांच्या पाठीवर हात फिरवीत जो जन्म काढला, तो मुलगा एका खरेदीखतावर उरकतो. काही वर्षांत पैसा संपतो, आणि ज्या शेतात घराचे दैवत होते तेथे उभ्या राहिलेल्या इमारतीच्या फाटकावर तोच मुलगा पहारेकरी म्हणून बसतो. असे माणूस होरीचे नाही, नारबाचे नाही आणि तुंबाडच्या खोतांचेही नाही. त्याला मालकीही होती आणि ती त्याने स्वतःच्या हाताने विकली. त्याचा स्वभाव 'मातीच्या गंधा'च्या जुन्या मापाने मोजता येणार नाही.

गावाकडच्या आठवणींनी भिजलेले लेखन मराठीत विपुल होत आहे आणि पुढेही होईल. त्याला वाचकही मिळतील, कारण गाव सोडून आलेल्या माणसाला तो गंध हवाच असतो. परंतु मोठी कादंबरी लिहिली जाईल ती हा गंध कोणाला परवडतो, असा प्रश्न विचारणाऱ्या लेखकाकडून. जमीन कोणाच्या नावे आहे, कसतो कोण, तिच्यावरून कोणाला उठविले, कोणी सही केली आणि कोणाला विचारलेच नाही, एवढे ज्याने नीट पाहिले आहे, त्यालाच त्या जमिनीवर वावरणारी माणसे खरी उभी करता येतील. समीक्षकांनीही यापुढे 'कूळ' या शब्दाचे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवून वाचावे. एका अर्थाने घराण्याचा इतिहास कळतो. दुसऱ्या अर्थाने तो इतिहास कोणाच्या घामावर लिहिला गेला ते कळते.